‘कणा’तल्या तीन भिंती

फेब्रुवारी लागला की आमच्या भांडुपात दर आठवड्याला कुठे ना कुठे ‘कणा’ म्हटली जाते. 27 फेब्रुवारी हा वि. वा. शिरवाडकरांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. तो मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे शाळा, वाचनालयं, मित्रमंडळं, पक्षांच्या शाखा असे सगळेच काव्यवाचनाच्या स्पर्धा लावतात. एका स्पर्धेत मी 21 स्पर्धकांपैकी 6 जणांकडून ‘कणा’ ऐकली. सहाही जणांचा आवाज दुसऱ्या ओळीला कापरा झाला आणि सहाही जणांनी शेवटच्या शब्दावर मूठ वर केली. त्या सहांपैकी दोन माझी मुलं होती. माझी म्हणजे मी तयारी करून घेतलेली. कापरा आवाज आणि मूठ मीच शिकवली होती.

तेव्हा पुढे जी तक्रार करणार आहे तिच्यात मी फिर्यादी आहे आणि आरोपीही.

मी ऐरोलीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. साहित्याचं शिक्षण नाही. आठवीत असताना केशवसुतांची ‘तुतारी’ म्हणून एक करंडक मिळवला होता, तो आईने अजून टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलाय. एवढ्या भांडवलावर आईच्या ओळखीच्या एका बाईंनी, लॉकडाऊननंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा, ‘दोन-चार मुलांचं पाठांतर घेशील का’ असं विचारलं आणि मी हो म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी टेंभीपाड्याच्या बाजूला एका मंडळाच्या खोलीत आम्ही बसतो. मागे गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब, पुढे आठवी ते दहावीची सात-आठ मुलं. खाली रिक्षांचे हॉर्न, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. मुलं मला दादा म्हणतात. त्यांच्या आयांना मी ‘क्लास’ घेतो असं वाटतं आणि फी न घेतल्याबद्दल त्या नारळ, आंबोळ्या, शिरवाळे असं काहीबाही पाठवतात. आमचं भांडुप निम्मं सिंधुदुर्ग-रत्नागिरीच आहे.

पहिली दोन वर्षं मी पाठांतर म्हणजे नुसती तयारी समजत होतो. कविता डोक्यात भरायची, मग तिच्यावर हावभाव चढवायचे. नोकरीत माझं बरंचसं काम चाचण्या लिहिण्याचं, प्रोग्रॅम कुठे मोडतो ते बघण्याचं. त्या सवयीने मी मुलांच्या चुका वहीत टिपायला लागलो. कोण, कुठली कविता, कुठल्या शब्दाशी अडलं, अडून काय बोललं. वर्षभराने वही चाळली तेव्हा लक्षात आलं की मुलं वाटेल तिथे विसरत नाहीत. वेगवेगळ्या शाळांतली, एकमेकांना कधी न भेटलेली मुलं त्याच त्या जागी घसरतात. म्हणजे घसरण मुलाची नसते, जागा घसरडी असते.

वृत्तातल्या कवितेत मूल अडत नाही, ते बदली माणूस देतं. मनाचे श्लोक घ्या. 205 श्लोक, सगळे भुजंगप्रयातात, लगागा चार वेळा. गल्लोगल्ली त्यांच्या पाठांतरस्पर्धा होतात आणि सातवीतली मुलगीसुद्धा दीडशे श्लोक न थांबता म्हणते. तिचं चुकतं ते असं, की मूळ शब्दाच्या जागी त्याच वजनाचा दुसरा शब्द येऊन बसतो. चाल पुढे जाते, अर्थाचं काय झालं ते तिला कळतही नाही. वृत्त हे विसरण्याला आधार देतं आणि चूक झाकतंही. मुक्तछंदात उलट होतं. ओळीच्या आत मूल क्वचितच चुकतं. ते अडतं दोन ओळींच्या मध्ये, कारण एक ओळ संपल्यावर दुसरी कोणती हे सांगायला ना यमक असतं ना चाल.

यावर मला उपाय सापडला तो अगदी जुना आहे. वेदपाठींनी लिहून न ठेवता संहिता जपली ती पाठांच्या निरनिराळ्या पद्धती करून. क्रमपाठात पहिला शब्द-दुसरा शब्द, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा अशा जोड्या म्हणतात. जटापाठात जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनपाठात याहून गुंता. प्रत्येक शब्दाची गाठ त्याच्या शेजाऱ्याशी इतक्या वेळा बांधली जाते की एखादा गळला तर लगेच कळावं. संगणकात माहिती पाठवताना चूक पकडण्यासाठी आम्ही जास्तीचे आकडे जोडतो त्यामागचा विचार काही वेगळा नाही. (हे ऐकून ‘म्हणजे वेदांत कॉम्प्युटर होता’ म्हणणाऱ्या एका काकांपासून मी अजून लांब राहतो.) आम्ही शब्दांऐवजी ओळींच्या टोकांचा क्रमपाठ करतो. एका ओळीचे शेवटचे दोन शब्द, पुढच्या ओळीचे पहिले दोन. आणि कविता शेवटाकडून पाठ करतो. आधी शेवटचं कडवं, मग त्याच्या आधीचं. म्हणताना मूल कमी पक्क्या भागाकडून जास्त पक्क्या भागाकडे जातं, त्यामुळे भीती वाढत नाही, कमी होते.

पण सगळ्यात घसरडी जागा तिसऱ्या प्रकारची असते. एकच शब्द किंवा ओळ कवितेत पुन्हा येते आणि मूल तिथून भलत्याच पुढच्या भागात जातं. धीम्या मार्गावरची गाडी सांधा बदलून जलद मार्गावर जावी आणि मधली दोन स्टेशनं लागूच नयेत, तसं. ‘कणा’त हे हमखास होतं. माझ्या वहीत त्या कवितेखाली 11 चुका आहेत, त्यांतल्या 7 एकाच शब्दावरच्या: भिंत.

‘कणा’ आठवून बघा. पुराने घर गेलेला एक जुना विद्यार्थी पावसात भिजून, चिखलाने माखून आपल्या सरांकडे येतो. त्याच्या बोलण्यात भिंत तीनदा येते. पहिल्यांदा नदी घरात शिरून चार भिंतींच्या आत नाचून गेली तेव्हा. दुसऱ्यांदा काय काय गेलं ते सांगताना, चुलीच्या बरोबर. तिसऱ्यांदा आता तो काय करतोय ते सांगताना, चिखल काढण्याच्या बरोबर. मुलं पहिल्या भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उडी मारतात. आणि या दोन भिंतींच्या मध्ये काय आहे? बायको वाचल्याची बातमी. ती गळते. मग दोन-तीन ओळींनी कारभारणीला बरोबर घेऊन तो लढतोय असं येतं, आणि ऐकणाऱ्याला ती जिवंत आहे हेच सांगितलेलं नसतं. दुसरीवरून तिसरीवर उडी मारली तर डोळ्यांतल्या पाण्याचा उल्लेख जातो आणि कारभारणीही जाते. नववीतल्या एका मुलाने एकदा अशी उडी मारली, थांबला आणि म्हणाला, ‘‘दादा, बायकोला सोडून आलो.’’ सगळी खोली हसली. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ही कविता दिसली.

कारण कवितेने त्या माणसाची गोष्ट भिंतीला धरून रचली आहे. भिंत होती, भिंत पडली, भिंत बांधतोय. पूर, नुकसान आणि आजचा दिवस असे तीन काळ एका शब्दावर टांगले आहेत आणि त्यांच्यामध्ये माणसं ठेवली आहेत. एवढ्या छोट्या कवितेत एक शब्द तीनदा येतो याकडे मी शाळेत असताना, करंडक मिळवताना, मुलांना शिकवताना कधीच पाहिलं नव्हतं. चांगला समीक्षक हे एका वाचनात पाहत असेल. मला सात मुलांच्या चुका लागल्या.

त्यानंतर मी कविता पुन्हा वाचली आणि लाज वाटावी असं बरंच सापडलं. तो माणूस रडत नाही. कवीने त्याला दोनदा हसवलं आहे. एकदा येऊन क्षणभर बसल्यावर, बोलायला सुरुवात करण्याआधी. आणि दुसऱ्यांदा, सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा, उठताना. कवितेत नाटकातल्यासारखी सूचना शोधायची तर हसण्याचीच आहे. शिवाय तो बोलतो तेही थट्टेच्या सुरात. घर बुडवणाऱ्या नदीला तो पाहुणी म्हणतो, माहेरी आलेल्या लेकीशी तिची तुलना करतो, लेक रिकाम्या हाताने कशी जाईल असं विचारतो. ज्याचं सगळं गेलंय तो नदीच्या माहेरपणाचा विनोद करतोय. जे पाणी डोळ्यांत आहे तेही आपण रडलो असं न सांगता नदीने मागे ठेवलेला प्रसाद म्हणून सांगतो. आणि आम्ही सहाच्या सहा जण दुसऱ्या ओळीपासून गळा दाटून आणत होतो! विनोदाला हुंदक्याने म्हटलं की दोन्ही जातात.

मुठीचं तर त्याहून वाईट. कवितेतला शेवटचा शब्द त्या माणसाचा नाहीच. तो सरांनी म्हणावा अशी त्याची विनंती आहे. पाठीवर हात ठेवून एवढा एक शब्द म्हणा, असं तो सांगतो आणि कविता थांबते. सर म्हणतात की नाही, हे कुसुमाग्रज सांगत नाहीत. अख्ख्या कवितेत सर एक अक्षर बोललेले नाहीत, फक्त त्यांचा हात खिशाकडे गेला. आणखी एक: हेच क्रियापद काही ओळी आधी त्या माणसाने स्वतःबद्दल आधीच वापरलं आहे. म्हणजे शेवटच्या ओळीत नवा निर्धार वगैरे काही होत नाही. निर्धार झालेला आहे, भिंत बांधायला घेतलेली आहे. तो आला आहे एकटं वाटलं म्हणून, आणि हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. असं असताना व्यासपीठावरचं मूल तो शब्द मूठ उगारून, माइक फाटेल असा ओरडतं, तेव्हा ते सरांचं वाक्य स्वतःच म्हणून टाकतं. मग सरांची गरज काय? आणि तो आला तरी कशाला?

आता हा स्पर्धेतला आवाज आला कुठून, याचा थोडा न्याय केला पाहिजे. मोठ्याने, चढउतार करत कविता म्हणणं ही मराठीत काही उपरी गोष्ट नाही. शाहिराचा आवाज मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत जावा लागतो. पोवाडा खालच्या पट्टीत गुणगुणला तर तोच चुकीचा ठरेल. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत याच मुंबईत तो आवाज कामगारांपर्यंत नेला. त्याच्याआधी, 1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाचे कार्यक्रम करून कविता घराघरांत पोचवली. त्या गायनावर तेव्हाही टीका झाली. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर हे तिघं एकत्र काव्यवाचन करत महाराष्ट्रभर हिंडले. विंदा धालवलीचे, पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. आमच्याकडचे म्हातारे त्यांचा उल्लेख गावातले असल्यासारखा करतात. या तिघांची ध्वनिमुद्रणं ऐकली तर लगेच कळतं की तिघांच्या म्हणण्याच्या तऱ्हा अगदी वेगळ्या आहेत, कारण कविता वेगळ्या आहेत. आमच्या स्पर्धांनी या सगळ्यातून मोठेपणा घेतला आणि वेगळेपणा सोडला. शाहिराचा जोर, काव्यगायनाची लाडीगोडी, नाट्यस्पर्धेतला हुंदका यांचं एक ठरलेलं मिश्रण तयार झालं, आणि ते बालकवींपासून सुर्व्यांपर्यंत कुणालाही लावलं जातं.

परीक्षकांचंही समजू शकतो. पत्र्याची शेड, चार पंखे, मागे वडापावच्या रांगेत असलेली पोरं, साठ स्पर्धक. हळू आवाजातली कविता तिसऱ्या रांगेच्या पुढे जातच नाही.

पण गुणपत्रिका समजून घेता येत नाही. मी पाहिलेल्या एका गुणपत्रिकेत पाच रकाने होते: पाठांतर, उच्चार, आवाजातील चढउतार, हावभाव, एकूण प्रभाव. प्रत्येकी 10. कविता कळली आहे का, यासाठी रकाना नव्हता. चढउतारासाठी 10 गुण असतील तर सपाट सुरात बोलणाऱ्या माणसाची कविता आधीच 10 गुणांनी हरलेली असते. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांसाठी ‘पोएट्री आउट लाउड’ नावाची स्पर्धा 2006 पासून देशभर होते. तिथली सरकारी कलासंस्था आणि पोएट्री फाउंडेशन मिळून ती चालवतात, अंतिम विजेत्याला 20,000 डॉलर मिळतात. तिच्या गुणपत्रिकेत आवाज, उभं राहणं हे सगळं आहेच, पण कविता समजल्याचा पुरावा असा एक स्वतंत्र निकष आहे, आणि अभिनय कवितेवर चढून बसला तर तो दोष धरावा अशी परीक्षकांना सूचना असते. शब्दांची अचूकता पाहायला वेगळा परीक्षक असतो, म्हणजे बाकीच्यांना पुस्तकात डोकं न घालता ऐकता येतं. तिथेही ठरावीक आवाज तयार होत असणार, मुलं ती मुलं आणि बक्षीस ते बक्षीस. तरी एक रकाना काय करू शकतो ते दिसतं.

उच्चाराच्या 10 गुणांनी माझ्या एका मुलीचा असाच बळी घेतला. तिने बहिणाबाई निवडली होती. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता तोंडीच रचल्या गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी काही उतरवून घेतल्या, आणि बाईंच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांनी उचलून धरल्यावर, 1952 साली संग्रह निघाला. म्हणजे पाठांतरावर सगळ्यात मोठा हक्क कुठल्या कवितेचा असेल तर हिचा. खानदेशी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. घरी मालवणी बोलणाऱ्या या मुलीने तो ‘य’ पुस्तकात होता तसा मेहनतीने बसवला. तिला उच्चारात 4 मिळाले आणि ‘ळ स्पष्ट हवा’ असा शेरा. तिने मला विचारलं, ‘‘दादा, मग बहिणाबाईंना किती मिळाले असते?’’

कवितांची निवड हा आणखी एक विषय आहे, पण त्यावर बोलायला गेलं की यादीच होते. मर्ढेकर, कोलटकर, ढसाळ मी आमच्याकडच्या स्पर्धेत एकदाही ऐकलेले नाहीत. मर्ढेकरांचं तर आश्चर्यच वाटतं. अभंग-ओवीच्या जुन्या घाटात त्यांनी यंत्रयुगातल्या मुंबईचा माणूस बसवला, पाठांतराला त्याहून सोपी आधुनिक कविता कुठली? सुर्वे येतात, पण ठरलेल्या दोन-तीन कवितांपुरते. दहावीतल्या एका मुलीला सुर्व्यांची ती कविता म्हणायची होती, जिच्यात एक आई मुलाला शाळेत घालायला येते, बापाच्या नावाशी अडते आणि मास्तरांशी बोलते. सुर्वे स्वतः अनाथ, गिरणीकामगार गंगाराम सुर्व्यांनी वाढवलेले, आणि पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक. शाळेच्या दाखल्यावरच्या त्या रकान्याबद्दल लिहायचा अधिकार त्यांच्याइतका कुणाला असेल? मुलीच्या शिक्षकांनी ‘विषय वयाला धरून नाही’ म्हणून कविता बदलायला लावली. गंमत म्हणजे त्या कवितेतलं मूल या मुलीपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान आहे.

माझा स्वतःचा अपराध सांगायचा राहिला. पहिल्याच वर्षी मी आठवीतल्या एका मुलीकडून ‘कणा’ करून घेतली होती. हुशार, आवाज घंटेसारखा. मी तिला कुठे श्वास तोडायचा, कुठे डोळे वर न्यायचे, कुठे हात थरथरवायचा ते सगळं पेन्सिलने कागदावर खुणा करून दिलं. पहिला नंबर आला. व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला, नगरसेवकांनी शाल दिली. दोन वर्षांनी, मला भिंतींचा शोध लागल्यावर, मी तिला म्हटलं, आता तीच कविता साधी म्हणून बघ, एखादी गोष्ट सांगितल्यासारखी. तिने तीन वेळा सुरुवात केली. तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीला आवाज आपोआप कापला. चौथ्यांदा तिने हात पाठीमागे बांधून घेतले तर कविताच आठवेना. शब्द तिला खुणांच्या मागून येत होते. हात वर गेला की ओळ. हात बांधले की ओळ नाही. ती हसून म्हणाली, ‘‘तुम्हीच असं बसवलंय, आता निघत नाही.’’

मी घरी येऊन ‘तुतारी’ म्हणून बघितली. माझंही तेच झालं. उजवा हात कानाजवळ गेल्याशिवाय पहिली ओळ सुरू होत नाही. केशवसुतांनी 1893 साली लिहिलेल्या, जुनं मोडून काढा म्हणणाऱ्या कवितेचं माझ्याकडे शिल्लक काय, तर एका सरांनी शिकवलेली हाताची हालचाल. पाठांतर माणसाजवळ कविता आयुष्यभर ठेवतं, असं म्हणतात. ठेवतं, पण ज्या अवस्थेत आत गेली त्या अवस्थेत.

या पार्श्वभूमीवर गेल्या वर्षीचा मुलगा. तो वर, डोंगराच्या उतारावर राहतो. भांडुपात उतारावर राहणं म्हणजे काय हे पावसाळ्यात बातम्या बघणाऱ्यांना सांगायला नको. तो सहावीत असताना एका रात्री त्यांची मागची भिंत आत आली. कुणाला लागलं नाही. दोन महिने ते मामाकडे दिव्याला राहिले आणि मग परत येऊन भिंत बांधली. हे मला ठाऊक नव्हतं. ‘कणा’ त्याने स्वतः निवडली. मी सवयीने म्हटलं, दुसरी घे, ही फार झाली आहे. तो म्हणाला, ‘‘मला हीच पटकन पाठ झाली.’’ त्याची एकही भिंत चुकली नाही.

तो म्हणायचा कसा, तर दुकानात उधारीचा हिशोब सांगावा तसा. काय गेलं, काय राहिलं, काय चाललंय. नदीच्या माहेरपणाशी आला की त्याच्या ओठांच्या कडेला किंचित हसू यायचं. मी विचारलं, हे हसू कुठून आणलंस? तेव्हा त्याने भिंतीचं सांगितलं. त्याचे पप्पा ही गोष्ट नेहमी हसतच सांगतात म्हणे: भिंत आली ती थेट टीव्हीसमोर येऊन बसली, तिलाही सिरियल बघायची होती. एका रविवारी खोलीला कुलूप होतं म्हणून आम्ही त्याच्या घरी बसलो. दुसऱ्या एका मुलाने कापऱ्या आवाजातली ‘कणा’ सुरू केली तेव्हा दारात तांदूळ निवडत बसलेली त्याची आजी मान वर न करता म्हणाली, ‘‘असा रडत कोण सांगता रे?’’ याहून नेमकं मला या कवितेबद्दल कुणी सांगितलेलं नाही.

स्पर्धेत त्याने तशीच म्हटली. शेवटचा शब्द त्याने जवळजवळ पुटपुटला, समोरच्याकडे बघत, आणि थांबला. टाळ्या वाजायला वेळ लागला, कारण संपली हे लोकांना कळलंच नाही. चढउतारात 3, हावभावात 2, नंबर नाही. शेरा होता: ‘पाठांतर उत्तम, भाव कमी.’ त्या दिवशी पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलीचीही ‘कणा’च होती आणि मूठ वर होती. तिच्याबद्दल मला राग नाही, तिला कुणीतरी तसं बसवून दिलं होतं आणि कोण बसवतं ते मला चांगलं माहीत आहे. मुलाने शेरा वाचून मला विचारलं, ‘‘भाव म्हणजे किती मोठ्याने?’’ मी काही बोललो नाही. घरी जाताना स्टेशन रोडवर त्याला उसाचा रस पाजला, तेवढंच.

मला प्रामाणिकपणे एक शंका आहे, ती इथे लिहून ठेवतो. त्या मुलाच्या म्हणण्यावर मी भाळलो ते त्याच्या भिंतीची गोष्ट कळल्यामुळे तर नाही? परीक्षकांना ती ठाऊक नव्हती. त्यांनी फक्त एक मुलगा बारीक आवाजात कविता म्हणताना ऐकला. ज्याच्यावर बेतलं त्यानेच कविता म्हणावी, असा नियम केला तर कविता पाठ करायचं कारणच संपतं. म्हणून मी यंदा त्याचं म्हणणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, कोण आहे काय आहे न सांगता, ऑफिसमधल्या तिघांना ऐकवलं. दोघांनी ‘बरं आहे’ म्हटलं. तिसरा, नांदेडकडचा, शेवटी विचारत होता, ‘‘मग सर म्हणाले का?’’ तिघांत एक. हा काही पुरावा नव्हे, पण तो एक प्रश्न मला पुरला.

तो मुलगा यंदा दहावीत आहे आणि पुन्हा ‘कणा’च म्हणणार आहे. नव्या स्पर्धेचे नियम आलेत: किमान दीड मिनिट, कमाल तीन. त्याची कविता एक मिनिट आणि दहा सेकंदांत संपते. वीस सेकंद कमी पडतात. मी म्हटलं, प्रस्तावना कर, कवीचं नाव, जन्म 1912, ज्ञानपीठ 1987 वगैरे. तो नको म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून वीस सेकंद कुठे घालायचे यावर वाद घातला. एक मुलगी म्हणाली, आल्यावर तो क्षणभर बसतो ना, तिथे खरंच थांब. पाच सेकंद. सुरुवातीलाच पाच सेकंद गप्प राहिलास तर विसरलास असं वाटेल, असं दुसऱ्याचं म्हणणं. हात बांधून म्हणणारी ती मुलगीही आता रविवारी येते, धाकट्यांचे क्रमपाठ घ्यायला. ती म्हणाली, सरांचा हात खिशाकडे जातो, तिथे सगळेच्या सगळे वीस सेकंद थांब. म्हातारे सर आहेत, खिसा सापडायला वेळ लागतो.

घड्याळ लावून बघितलं. वीस सेकंद फार लांब असतात. खालून दोन रिक्षा गेल्या, शेजारचा कुकर एकदा वाजला. तो मुलगा कुणाच्या तरी खिशाकडे बघत उभा होता. पुढच्या रविवारी बारा सेकंदांवर करून बघणार आहोत.